यादीत मागची सीट नाही

पत्राचा गोषवारा : पत्रलेखक ३१ वर्षांचे आहेत, धायरीला राहतात आणि नोकरीसाठी रोज हिंजवडीला जातात. गेल्या दसऱ्याला त्यांनी कर्ज काढून रॉयल एन्फिल्डची इंटरसेप्टर ६५० घेतली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तशाच आणखी दोन गाड्या उभ्या असतात आणि ‘आपली गाडी आपल्यालाच ओळखू येत नाही’ ही त्यांची खंत आहे. गाडीला जुन्या, वेगासाठी घडवलेल्या ‘कॅफे रेसर’ धाटणीच्या मोटारसायकलचे रूप देण्यासाठी त्यांनी ९२ हजार रुपयांची यादी केली आहे : मोकळ्या आवाजाचे दोन सायलेन्सर, खाली झुकलेले क्लिप-ऑन हँडल, मागे कुबड असलेली एकट्याची सीट, मागचा मडगार्ड काढून बसवायची आखूड पट्टी आणि तिच्यावर तिरकी नंबरप्लेट, हँडलच्या टोकांना लावायचे गोल आरसे, बारीक एलईडी इंडिकेटर, शंकूच्या आकाराचे उघडे एअर फिल्टर आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या छोट्या संगणकाचे, रीमॅपिंग (त्यातली पेट्रोलची मापे नव्याने भरणे). बावीस वर्षे राजदूतवरून कामाला गेलेले वडील म्हणतात, ‘कंपनीच्या इंजिनिअरपेक्षा तुला जास्त कळतं का?’ पत्नीने यादी वाचून एवढेच विचारले, ‘मग मी कुठे बसायचं?’ पत्रलेखक विचारतात, ‘यातले आधी काय घ्यावे? वॉरंटी आणि पोलीस यांची भीती कितपत खरी आहे? आणि मुळात गाडी स्वतःची करून घेण्यात चूक काय आहे?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. गाडी स्वतःची करून घेण्यात चूक काहीच नाही, आणि वडिलांचे वाक्य मी जसेच्या तसे मान्यही करणार नाही. कंपनीच्या इंजिनिअरांना आपल्यापेक्षा जास्त कळते हे खरे. पण त्यांनी ही गाडी आखली ती पन्नास किलोंच्या आणि शंभर किलोंच्या, पाच फूट तीन इंचांच्या आणि सहा फुटांच्या, इथल्या आणि परदेशातल्या अशा सगळ्यांना बऱ्यापैकी जमावी आणि वर ठरलेल्या किमतीत बसावी म्हणून. अशा हिशेबात सीटचा फोम, मागचे शॉकअप, हँडलची उंची यांत तडजोड होतेच, आणि ती आपल्या अंगाला खुपत असेल तर खुशाल बदलावी. शिवाय वडिलांची राजदूत बावीस वर्षे शोरूममधून आली तशीच राहिली असेल, यावर माझा विश्वास बसत नाही. त्यांना एखादा जुना फोटो शोधून काढायला सांगा. लेगगार्ड, बाजूला कुलपाची डिकी, सीटवर रेक्झिनचे नवे कव्हर, कदाचित टाकीवरही एक, यांतले दोन-तीन प्रकार तरी त्यात दिसतील. त्या पिढीनेही गाड्या बदलल्या, फक्त त्याला ‘मॉडिफिकेशन’ म्हणत नसत, आणि गाडीवर घरातले कोण, कुठे, काय घेऊन बसणार आहे हे आधी पाहिले जाई.

तुमची यादी मी त्याच नजरेने दोनदा वाचली. आठ वस्तूंपैकी सहा अशा आहेत की सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाला त्या दिसाव्यात किंवा ऐकू याव्यात. बसणाऱ्याच्या पाठीला, मनगटाला किंवा मांडीला त्यांतल्या एकीनेही आराम पडणार नाही. उरलेल्या दोन, म्हणजे एअर फिल्टर आणि रीमॅपिंग, या सायलेन्सर बदलल्यावर मागोमाग येणाऱ्या आहेत. दोन पानांच्या पत्रात गाडीने तुम्हाला आजवर नेमका कुठे त्रास दिला, याची एक ओळही नाही. हा दिखाऊपणाचा आरोप समजू नका. ही गाडी घेणारे सगळेच, मला धरून, थोडेफार रूपावर भाळलेले असतात. मला शंका आहे ती वेगळ्याच गोष्टीची. बाजारात तयार मिळणारे भाग लावले की गाडी आपली वाटू लागेल असे तुम्ही गृहीत धरले आहे. पण ते भाग शेजारच्या दोघांनाही त्याच दुकानात, त्याच भावात मिळतात. वर्षभरात तिन्ही गाड्यांना तेच गोल आरसे लागले, तर तुम्ही पुन्हा पहिल्या जागी येऊन उभे राहाल.

आता क्लिप-ऑन हँडलबद्दल, कारण यादीचा कणा तोच आहे. कॅफे रेसर ही १९५० आणि ६०च्या दशकांतल्या इंग्लंडच्या तरुण पोरांची ढब. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावरच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमायचे आणि तिथून निघून ताशी शंभर मैलांचा आकडा गाठायचा, हा त्यांचा नाद होता. पुढे वाकून बसणे त्या वेगासाठी होते : तेवढ्या वेगात समोरचा वारा छातीला उचलून धरतो आणि मनगटांवरचा भार हलका होतो. सकाळी साडेनऊ वाजता भूमकर चौकात तुमच्या छातीवर जो वारा येणार तो पुढच्या पीएमपी बसच्या धुरासकट येणार, आणि तो कोणालाही उचलून धरत नाही. दोनशे किलोंहून जड गाडी, दर दहा सेकंदांनी क्लच आणि धडाचा सगळा भार दोन तळहातांवर, असा तो प्रवास होईल. धायरी ते हिंजवडी आणि परत, आठवड्यातून पाच दिवस.

त्यातही गंमत अशी की तुम्हाला जी गाडी घडवायची आहे ती कंपनी स्वतःच घडवते. कॉन्टिनेन्टल जीटी ६५० हे इंटरसेप्टरचे सख्खे भावंड. दोन्ही भारतीय बाजारात २०१८ साली एकत्रच आल्या. तेच ६४८ सीसीचे दोन सिलिंडरांचे इंजिन, तीच ४७ पीएसची ताकद, तोच ५२ न्यूटन मीटरचा टॉर्क. फरक आहे तो मुख्यतः टाकी, सीट, क्लिप-ऑन हँडल आणि मागे सरकवलेल्या फूटरेस्टचा. तुमच्या यादीत हँडल खाली आणले आहे, पण फूटरेस्ट जिथल्या तिथे आहेत. म्हणजे धड पुढे ओढले जाईल, पाय मागे जाणार नाहीत आणि घडी कमरेत पडेल. जीटीमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकींशी जुळवून आखलेल्या आहेत. कोणा मित्राची जीटी एका दिवसापुरती मागून घ्या, ती आपल्या नेहमीच्या वेळी, नेहमीच्या रस्त्याने ऑफिसला नेऊन आणा. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवून पाहिलेली धरू नये. संध्याकाळी मनगटे ठणकली नाहीत तर माझे म्हणणे सोडून द्या आणि आपल्या गाडीच्या बदल्यात जीटी केवढ्याला पडते याची चौकशी करा.

तरीही हँडल बदलायचेच ठरले, मग ते क्लिप-ऑन असो की नुसते इंचभर खालचे, तर एक चाचणी गॅरेजमधून गाडी बाहेर काढण्याआधी तिथेच करा. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवा आणि हँडल सावकाश एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. वळवताना रेस आपोआप वाढली, तर ॲक्सिलेटरची केबल ताणली जात आहे असे समजावे. हा दोष सरळ रस्त्यावर कधीच कळत नाही. तो कळतो पेठेतल्या अरुंद बोळात गाडी वळवताना, जेव्हा गाडी तुम्ही न सांगता पुढे उडी घेते. त्याच वेळी पुढच्या ब्रेकची नळी कुठे चिमटत नाही ना आणि मुठीवरचा अंगठा टाकीवर आपटत नाही ना, हेही पाहून घ्या. केबल लांब पडत असेल तर तिला बळेच वेटोळे घालून कोंबणारा मेकॅनिक दिसला की गाडी तिथून हलवावी.

सायलेन्सरबद्दल तुम्ही लिहिता की आवाज मोठा असला म्हणजे ट्रकवाल्याला आपण आल्याचे कळते. हा समज सार्वत्रिक आहे, म्हणून त्यावर थोडे थांबते. सायलेन्सरचे तोंड मागे असते. आवाजाचा मोठा वाटा ज्यांना तुम्ही आधीच ओलांडून आलात त्यांच्या पदरात पडतो. पुढच्या ट्रकवाल्याच्या केबिनमध्ये त्याच्याच इंजिनाची घरघर आणि वर गाणी चालू असतात. त्याच्या आरशात आपण दिसतो आहोत की नाही हे पाहून जागा धरणे, हा उपाय अधिक भरवशाचा. तुम्हाला तो आवाज आवडतो, एवढेच कारण तुम्ही लिहिले असते तर मला ते जास्त पटले असते. मलाही आवडतो. या इंजिनाचा क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा दांडा, २७० अंशांचा आहे, त्यामुळे दोन सिलिंडर सारख्या अंतराने पेट घेत नाहीत : पहिल्यानंतर दुसरा २७० अंशांवर, आणि त्यानंतर पुन्हा पहिला ४५० अंशांवर. म्हणून त्याच्या धडधडीला किंचित लंगडी, लयदार चाल आहे. ही चाल इंजिनाची आहे, सायलेन्सरची नव्हे, आणि ती कंपनीच्या सायलेन्सरमधूनही ऐकू येते. खडकवासला ओलांडून पानशेतच्या रस्त्याला लागलात की तिसऱ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू उचला आणि नीट ऐका. सोसायटीतल्या लोकांना मात्र ती पहाटे सहाला ऐकायची नसते.

आता कायदा. १ एप्रिल २०२० पासूनच्या गाड्या बीएस-६ या प्रदूषण निकषांच्या आहेत. त्यांच्या धुराच्या मार्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर असतात, आणि पूर्ण एक्झॉस्ट बदलणारे कित्येक संच हा कन्व्हर्टरच गायब करतात. १७५ सीसीच्या वरच्या दुचाकींना मान्यता चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा आहे. अशा चाचण्या करणारी, १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आपल्याच शहरात वेताळ टेकडीवर आहे, त्यामुळे पुणेकराने तरी ‘दुकानात उघड विकतात म्हणजे चालतच असेल’ असे म्हणू नये. ध्वनी आणि वायुप्रदूषणाचे निकष मोडले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या गुन्ह्यालाही दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि वर तीन महिने परवाना जातो. कलम ५२ सांगते की नोंदणीपत्रातल्या आणि उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) मध्ये नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द पुन्हा वाचा आणि आपल्या यादीवर बोट फिरवा.

याचा अर्थ आरसा बदलला तरी गुन्हा, असा नाही. सीटचे कव्हर, मुठी, लेगगार्ड, इंजिनाखालची पत्र्याची ढाल, बॅगा, त्याच मापाचे टायर, चांगले शॉकअप यांनी नोंदणीपत्रातला एकही तपशील बदलत नाही. सायलेन्सर, रंग, दिवे, नंबरप्लेट, आसनक्षमता यांना हात लावला की प्रश्न सुरू होतात. टाकीचा रंग पूर्ण बदलायचा असेल तर आरटीओकडे नोंद करावी लागते. तिरकी, आखूड नंबरप्लेट तर कोणत्याही चौकातल्या हवालदाराला लांबूनच बोलावून घेते, आणि आता उच्च सुरक्षा नंबरप्लेट गाडीला पक्क्या रिव्हेटने जोडलेली असल्यामुळे ती हलवणे म्हणजे आणखी एक भानगड.

आणि मडगार्ड काढण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम पत्नीला वाचून दाखवा. मागे बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारे आवरण हवेच, म्हणजे कपडे चाकात अडकणार नाहीत, असे तो सांगतो. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो आणि शोरूममधून निघाल्याबरोबर जे काढून माळ्यावर टाकतो, ते यासाठी असते. मी दहा वर्षे मागच्या सीटवर काढली आणि त्यानंतर हँडल हातात घेतले. ओढणी चाकाकडे सरकताना गुडघ्याशी जी हलकीशी ओढ जाणवते, ती पुढे बसणाऱ्याला कधीच कळत नाही. तुमच्या पत्नीने ‘कुठे बसायचं’ असे विचारले ते रुसून विचारले, असे तुमच्या पत्राचा सूर सांगतो. मला तो सरळ तांत्रिक प्रश्न वाटतो, आणि त्याचे उत्तर यादीत नाही.

एअर फिल्टर आणि रीमॅपिंगचे लवकर आवरते. उघडे फिल्टर पुण्याच्या धुळीत आणि मुळशीच्या पावसात काय भोगतील हे वेगळे सांगायला नको. मूळ एअरबॉक्स, म्हणजे फिल्टरचा बंद डबा, बेढब दिसतो, पण तो हवा शांत आणि कोरडी ठेवतो. हवा जास्त आणि पेट्रोल तेवढेच झाले की मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि रेस सोडली की सायलेन्सरमध्ये फटफट उडते, जिला काही जण कौतुकाने ‘पॉपिंग’ म्हणतात. ते दुरुस्त करायला मग रीमॅपिंग. एवढे करून ४७ पीएसवर जी भर पडेल ती तुमच्या रोजच्या रस्त्यावर वापरायला जागाच नाही. हा पैसा मी तरी खर्चणार नाही.

इंडिकेटरचे प्रकरण क्षुल्लक दिसते. मला सर्वांत जास्त त्रास त्यानेच दिला आहे. माझ्या आधीच्या ३५० सीसीच्या गाडीला मी असेच सुपारीएवढे एलईडी इंडिकेटर लावून घेतले होते. शहरातल्या एका कारागिराने अर्ध्या तासात काम केले. त्याने कप्लर (वायरी जोडायचे तयार प्लग) न वापरता मूळ वायरिंग कापले, वायरी पिळून जोडल्या आणि वर काळी टेप गुंडाळली. पहिल्या दिवशी इंडिकेटर दुप्पट वेगाने लुकलुकू लागले, कारण एलईडी वीज कमी ओढतात आणि इंडिकेटर लुकलुकवणाऱ्या जुन्या रिलेला वाटते की एक बल्ब उडाला; रिले बदलल्यावर ते थांबले. जुलैत ताम्हिणीत, धुक्यात आणि पावसात, गाडी एकदम मुकी झाली. हॉर्न नाही, दिवा नाही, काटा मेलेला. फ्यूज उडाला होता, दुसरा घातला तर तोही उडाला. दोन तासांनी टेम्पोत घालून खाली आणल्यावर सीटखालची टेप सोडवली, तेव्हा आत तांब्याच्या तारांवर हिरवट बुरशीसारखा थर आणि दोन जोड एकमेकांना चिकटलेले. टेप आतून ओली होती आणि तिचा डिंक बोटांना लागत होता. इंडिकेटरची किंमत सहाशे रुपये होती. नवे वायरिंग किती हजारांना पडले ते सांगत नाही, घरी अजून माहीत नाही.

वॉरंटीचा तुमचा प्रश्न इथेच सुटतो. एखादा भाग बाहेरून लावला म्हणून गाडीची सगळी वॉरंटी आपोआप संपते, ही भीती सहसा अतिशयोक्त असते; पण बिघाड त्या बदलामुळे झाला असे दाखवता आले की त्या कामाचे पैसे तुमचे. कापलेले वायरिंग आणि बदललेला ईसीयू नकार द्यायला आयते कारण पुरवतात. म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेतली बारीक अक्षरे एकदा वाचा, आणि वॉरंटी असेपर्यंत फक्त अशाच गोष्टी लावा ज्या पान्याने लागतात आणि पान्यानेच निघतात. करवत, कटर आणि वेल्डिंगची ज्यांना गरज पडते त्या नकोत. विमा कंपनीला अधिकचे भाग लेखी कळवा. हप्ता थोडा वाढतो, पण अपघातानंतर ‘हे आम्हाला सांगितले नव्हते’ या वाक्याला तोंड देण्यापेक्षा ते स्वस्त आहे.

मग आधी काय घ्यावे? मी सुचवेन की दोन महिने काहीही घेऊ नये. छोटी वही ठेवा आणि प्रत्येक लांब फेरीनंतर कुठे दुखले, किती किलोमीटरवर दुखले आणि मागे कोणी होते का, एवढे तीन रकाने भरा. या काळात फुकट होणारे बदल करून पाहा. क्लच आणि ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवले, की बोटे आणि पंजा एका रेषेत येतात. बऱ्याच जणांची मनगटदुखी तेवढ्याने जाते. हँडल त्याच्या पकडीत दोन-चार अंश मागे घेता येते. मागच्या शॉकअपची स्प्रिंग कमी-जास्त आवळायची खाचांची कडी असते, ती तुम्ही एकटे असताना एका पायरीवर आणि पत्नी मागे असताना वरच्या पायरीवर हवी. ती शोरूममधून आल्यापासून हललीच नसेल अशी माझी पैज आहे. टायरमधली हवा पंपावरच्या पोऱ्याच्या अंदाजावर सोडू नका, स्वतःचा गेज घ्या. चेनचा ढिलेपणाही तपासा.

एवढे करून वहीत जे उरेल त्याच्यावर खर्च करा. बहुधा पहिला खर्च सीटचा निघेल, कारण या गाडीची मूळ सीट सपाट आहे आणि तासाभराने ती स्वतःची आठवण करून देते. मूळ सीट उसवू नका, दुसरी सीट मिळवा आणि तिच्यावर काम करून घ्या. सीट बनवणाऱ्याच्या दुकानात मऊ फोम अंगठ्याने दाबून पाहिला की छान वाटतो आणि चाळीस किलोमीटरवर तोच तळाला टेकतो. घट्ट फोमचा थर खाली आणि पातळ मऊ थर वर, असे सांगा. शिवणी बसण्याच्या जागेवर येऊ देऊ नका, कडेला घ्या, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाणी शिवणीतून आत उतरते आणि वरून कोरडी दिसणारी सीट दुसऱ्या दिवशी पँट भिजवते. मापाला पत्नीला सोबत न्या. तिच्या भागाची रुंदी आणि उतार तिने बसून ठरवावा, तुम्ही अंदाजाने सांगू नये. आणि तुमच्या रूपाच्या हौसेला इथे भरपूर वाव आहे : तपकिरी रंग, आडव्या किंवा उभ्या पट्ट्या, कडेची दुहेरी शिलाई, काय हवे ते करा. अशी सीट सोसायटीत दुसऱ्या कोणाकडे नसेल.

त्यानंतर मागचे चांगले शॉकअप आणि पुढच्या फोर्कसाठी तुमच्या वजनाच्या स्प्रिंगा. खड्ड्यांच्या शहरात हा पैसा रोज परत मिळतो. मग लेगगार्ड आणि इंजिनाखालची ढाल. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा माप तेच ठेवा, पुढे १००/९०-१८ आणि मागे १३०/७०-१८. रुबाबासाठी मागे आणखी रुंद टायर कोंबला की तो रिमवर चिमटून मधून फुगतो आणि गाडी वळणात जडपणे झुकते. गोल आरशांना माझी हरकत नाही, मात्र ते हँडलच्या बाहेर निघतात, त्यामुळे आधी त्यांतून मागचा रस्ता दिसतो की फक्त आपले कोपर, आणि गाडी लक्ष्मी रस्त्यावर दोन रिक्षांच्या मधून निघते का, हे दुकानदाराच्या दारातच पाहून घ्या.

नाना पेठेत खरेदीला गेलात तर ‘सगळ्या गाड्यांना बसतं’ हे वाक्य ऐकून मागे फिरा. तुमच्याच मॉडेलसाठी, तुमच्याच वर्षासाठी बनलेला भाग मागा आणि त्याचे पक्के बिल घ्या. सोबत मिळणाऱ्या चकचकीत बोल्टांवर भरवसा ठेवू नका, विशेषतः ब्रेक, हँडल आणि चाकाजवळ; तिथे मूळ बोल्टच वापरावेत आणि ते टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंतच आवळावेत. काढलेला प्रत्येक मूळ भाग, त्याच्या वॉशरांसकट, नाव लिहिलेल्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना ९२ हजारांचे भाग ९२ हजार आणत नाहीत, बहुतेक वेळा घेणाराच ‘कंपनीचे भाग आहेत का’ असे विचारतो, आणि माळ्यावरचे खोके तेव्हा उपयोगी पडते.

ज्यांच्याकडे ३५० सीसीच्या क्लासिक आहेत, जावा-येझदी आहेत, किंवा आपल्याच चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० आहे, त्यांनाही हाच क्रम चालेल. स्पीड ४००ला रेसची ओढायची केबल नसून रेस विजेच्या वायरवर चालते, म्हणून हँडल बदलताना तिथे वायरच्या लांबीकडे पाहावे. जुन्या हॅलोजन दिव्याच्या भांड्यात एलईडी बल्ब घालणाऱ्यांनी मात्र एकदा रात्री गाडी भिंतीसमोर उभी करून प्रकाश कुठे फेकला जातो ते पाहावे. तो सहसा समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

येत्या रविवारी पत्नीला घेऊन पानशेतपर्यंत जाऊन या आणि वहीतला पहिला रकाना तिला भरू द्या. निघण्याआधी वडिलांना खाली पार्किंगमध्ये बोलवा. शॉकअपची कडी फिरवायला हुकाचा पाना लागतो. राजदूतवाल्यांच्या हत्यारपेटीत तो बहुधा असतो. कडी किती पायऱ्या आवळायची ते त्यांनाच ठरवू द्या.